सोमवारी तू दवाखान्यात बसशील तेव्हा

ये, बस इथे जवळ. आईला सांग, पोहे जरा वेळाने. आधी आपण दोघी बोलू. सोमवारपासून तू माझ्या खुर्चीत बसणार, आणि परवा तू विचारलंस, "ताई, पहिल्याच दिवशी फजिती नको म्हणून काय वाचून येऊ?" वाचणं तुझं झालंय गं छोटी. नागपूरच्या मेयो हॉस्पिटलात इंटर्नशिप करून आलेल्या पोरीला मी काय वाचायला देऊ? पण पुस्तकात नसलेलं एक सांगते. महालातल्या आपल्या दवाखान्यात तुझा खरा कस लागेल तो खोकणाऱ्या पोराच्या आईसमोर.

रोज येतील त्या. केळीबाग रोडवरून, बडकस चौकाकडून, कोतवालीमागच्या गल्ल्यांतून. कडेवर दोन-अडीच वर्षांचं पोट्टं, नाक वाहतंय, रात्रभर खोकलंय. आईचे डोळे जागरणाने तांबारलेले. सासू बाहेर बाकावर बसून आतलं सगळं कान देऊन ऐकत असते. तू तपासशील. छाती साफ, श्वास शांत, पोट्टं तुझा स्टेथोस्कोप ओढतंय. तुला लगेच कळेल की हा विषाणूचा साधा सर्दी-खोकला आहे, आठ-दहा दिवसांत, कधी दोन-तीन आठवडे घेऊन, आपला आपण जाणारा. तसं तू सांगशील. मग ती म्हणेल, "मॅडम, तुम्ही तं काही देऊनच नाही राहिल्या."

या एका वाक्यापुढे मी कितीतरी वर्षं हरत आले. हे तुला कधी बोलले नव्हते. सिरप लिहायला दहा सेकंद लागतात. न लिहिता आईची समजूत काढायला दहा मिनिटं, आणि बाहेर पंधरा जण खोळंबलेले. मी लिहायची. गोड लाल औषध, एक चमचा तीन वेळा. आई खूश होऊन जायची, पोट्टं त्या औषधाच्या गुंगीने रात्री झोपायचं, खोकला आपल्या वेळेने जायचा आणि नाव माझं व्हायचं. "महालातल्या मॅडमचा हात चांगला आहे." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला सांगू.

२०२५ चा पोळा आठवतो ना? दुसऱ्या दिवशी आपण ओट्यावर उभं राहून मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघितली. पिवळी मारबत १८८५ पासून निघते, काळी तर त्याच्याही आधीपासून. घराघरातली रोगराई, इडापिडा तिने वेशीबाहेर न्यावी म्हणून सगळं महाल-इतवारी ओरडतं, आपणही ओरडलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत छिंदवाड्याहून मुलं यायला लागली.

छिंदवाडा म्हणजे काही परका मुलूख नाही. इतवारीहून तिकडे छोटी रेल्वे जायची ती तुला आठवत असेल. सौंसर, पांढुर्णा या बाजूला घराघरात मराठी बोलतात. आजारी माणूस जड झाला की भोपाळपेक्षा त्यांना नागपूर जवळ. परासिया भागातली ही पोरं, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. आधी सर्दी, खोकला, ताप. गावात औषध दिलं. मग उलट्या, मग लघवी बंद. नागपुरात पोचेपर्यंत किडन्या निकामी झालेल्या. सुरुवातीला सगळ्यांनी मेंदूज्वराचा विचार केला, पाण्याचा केला, उंदरांचा केला, पुण्याच्या विषाणू संस्थेकडे, एनआयव्हीकडे, नमुने गेले. मुलांच्या किडनीची बायोप्सी झाली तेव्हा विषाकडे बोट वळलं, आणि ते बोट घराघरातल्या एका बाटलीपर्यंत पोचलं. कोल्ड्रिफ. तामिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलेलं खोकल्याचं सिरप, बॅच एसआर-१३. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासलं तर त्यात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के. मान्य मर्यादा ०.१ टक्का. वीसहून जास्त मुलं गेली. त्यातली कितीतरी आपल्याच गावातल्या हॉस्पिटलांत, आपल्यापासून दोन-चार किलोमीटरवर.

त्या दिवसांत मला झोप लागत नसे. मी ते सिरप कधी लिहिलं नव्हतं. पण त्यातलं मिश्रण, पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन, ते मी शंभर वेळा दुसऱ्या नावांनी लिहिलं होतं. माझ्या बाटल्या चांगल्या निघाल्या हे माझं नशीब. त्यात माझी हुशारी कुठेच नव्हती.

हे विष कसं शिरतं ते नीट समजून घे, कारण आया विचारतात आणि आपल्याला सांगता आलं पाहिजे. पॅरासिटामॉल पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून सिरपात प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनसारखं द्रावक घालतात. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसंच, दाट, चवीला गोडसर. ब्रेक ऑइलात, रंगांच्या कारखान्यात वापरतात. ते स्वस्त पडतं. कच्च्या मालाचा पिंप तपासल्याशिवाय ओतला की झालं. शरीरात त्याचं जे आम्ल बनतं ते किडनीच्या नलिका जाळतं. लहान मुलाला फार लागत नाही.

आणि हे पहिल्यांदा घडलं असं नाही, याचाच मला जास्त राग येतो. १९३७ साली अमेरिकेत याच विषाने शंभरावर माणसं मेली, तेव्हा पुढच्या वर्षी तिथे औषधांचा कायदा कडक झाला. आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, १९८६ मध्ये भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, त्यांनी औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळं उकरून काढलं. आपल्याला फार्मकॉलॉजीत ते एका ओळीत शिकवलं होतं. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात साठाहून जास्त मुलं गेली, संशय भारतातून गेलेल्या सिरपांवर. कारखान्याचं काम कारखान्याने आणि औषध निरीक्षकाने केलंच पाहिजे, त्यात मी तसूभर सूट देणार नाही. छिंदवाड्यात लिहून देणाऱ्या एका डॉक्टरला अटक झाली आणि डॉक्टरांच्या संघटनेने, आयएमएने, त्याविरुद्ध आवाज उठवला. डॉक्टर काही प्रयोगशाळा घेऊन बसत नाही, बाटलीत काय आहे ते त्याला दिसत नाही, हे म्हणणं मला पटतं. पण छोटी, मी स्वतःला दुसरा प्रश्न विचारते. ती बाटली त्या मुलाला हवी होती का?

नको होती गं. याचं उत्तर आपल्या शास्त्राला कधीपासून माहीत आहे. टोरंटोच्या आत्याच्या नातवाला सर्दी झाली तेव्हा ती फोनवर कुरकुरत होती ना, "इथे दुकानातल्या औषधावर सहा वर्षांखालच्यांना देऊ नका असं लिहिलंय"? कॅनडाच्या सरकारने ते २००८ च्या डिसेंबरात ठरवलं. आपल्याकडे औषध महानियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं की क्लोरफेनिरामिन-फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये. आणि मुलं गेल्यावर, ३ ऑक्टोबर २०२५ ला, केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा सूचना काढली की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नका, पाच वर्षांखाली सहसा नको. सूचना होती. तिच्यात आणि कडेवरच्या पोरात आपण होतो, घाईत.

आता ती दहा मिनिटं कशी घालवायची ते ऐक.

पहिलं मिनिट श्वासाला दे, पूर्ण मिनिट. कोट काढायला सांग, पोट उघडं ठेव, आईला म्हण, माझ्याबरोबर मोजा. मी टेबलावर वाळूचं घड्याळ ठेवते, एका मिनिटाचं. ही कल्पना माझी नाही. आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजातच शिकलेले अभय बंग आणि राणी बंग ऐंशीच्या दशकात गडचिरोलीत गेले, तेव्हा तिथे न्यूमोनियाने लहान मुलं पटापट जात होती आणि अक्षरओळख नसलेल्या दायांना मिनिटभरात पन्नास श्वास मोजणं जड होतं. त्यांनी मण्यांचं एक साधन केलं, जोडीला वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलं की न्यूमोनिया. त्या बायकांनी त्यावर मुलं वाचवली, आणि १९९० मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आपल्याकडे भिंतीवर आकडे लावलेत. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. तिथवर पोचलं, किंवा बरगड्यांखाली पोट आत ओढलं जातंय, पिणं सोडलंय, झटका आलाय, पोट्टं मलूल होऊन हाकेला उठत नाही, तर मग तिथे समजुतीचं काम नाही. पाठव मेयोला, सोबत चिठ्ठी दे आणि वॉर्डात फोन कर. इथल्या आया "डब्बा झाला" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना हेच धापा टाकणं सांगायचं असतं. तो शब्द ऐकलास की कान टवकार.

आईने स्वतः मोजलं की निम्मं काम होतं. तिने पाहिलेलं असतं, तिच्या तोंडून आकडा आलेला असतो, "अडतीस." मग तू म्हण, "बघा, छातीत काही नाही." आता ते तिला पटतं.

मग दुसरा प्रश्न. "लघवी शेवटची कधी झाली?" छिंदवाड्याच्या त्या मुलांपासून मी एकाही मुलाला हा प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही. सात-आठ तास झाली नसेल तर का नाही ते शोधायचं.

आणि तिसरं, ज्यात मला सगळ्यात जास्त धक्के बसले. तिला सांग, घरात पोराला दिलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आण. आपण महालातच राहतो, घर दोन गल्ल्यांवर असतं, दहा मिनिटांत येते. पिशवी उघडली की बघ तू. एका बाटलीत तापाचं पॅरासिटामॉल. दुसरी सर्दीची, तिच्यातही पॅरासिटामॉल. तिसरी शेजारणीने दिलेली, तिच्या मोठ्या मुलाची, ५ मिलीला २५० मिलिग्रॅमची, आणि हिच्या मनात मात्र १२५ ची मात्रा पक्की. वर थेंबांची छोटी बाटली, तिच्यात १ मिलीलाच १००. थेंबांची बाटली चमच्याने पाजलेलीही मी पाहिली आहे. चमचा कुठला? घरातला, पोह्यांचा. आई निष्काळजी नसते गं. ती रात्री तीनला, मोबाइलच्या उजेडात, रडणाऱ्या पोराला धरून हे करत असते. तिला ओरडू नकोस. सगळ्या बाटल्या टेबलावर ओळीने मांड, एक ठेव, बाकीच्या बाजूला कर, आणि त्या एकीचं मापाचं टोपण घेऊन खुणेवर पेनाने रेघ मार. वजन करून मात्रा काढ, किलोला १५ मिलिग्रॅम, तापासाठीच, खोकल्यासाठी नाही.

संशय आला तर बाटली फेकू द्यायची नाही. बॅच नंबर वहीत उतरव. औषधाने काही उलटं झालं असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर लाव, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद तिथे घेतात. मी पहिल्यांदा लावला तेव्हा मला वाटलं होतं की एवढ्याशा दवाखान्याचं कोण ऐकेल. ऐकून घेतलं, लिहून घेतलं.

मग द्यायचं काय? वर्षाच्या वरच्या पोराला झोपताना चमचाभर मध. वर्षाच्या आत मध अजिबात नको, जंतूंची भीती असते. हे आजीलाही ऐकू जाईल असं मोठ्याने सांग, कारण बाळाला मध चाटवणारी बहुधा तीच असते. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब. कोमट पाणी, वरण, अंगावरचं दूध चालूच. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोराला वाफ देऊ नका म्हण, भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. डासांची कॉइल खोलीबाहेर. आपल्या या जुन्या वाड्यांतल्या एका खिडकीच्या खोल्यांत तो धूर रात्रभर पोराच्या छातीत जातो.

दोन आजार मात्र साध्या खोकल्यात लपून येतात, आणि आपण नागपुरात आहोत हे विसरू नकोस. पहिला सिकलसेल. विदर्भात इतक्या घरांत आहे की प्रत्येक नव्या मुलाच्या कागदावर "तपासणी झाली का?" हे लिहिलेलं असलंच पाहिजे. सिकलसेल ग्रस्त मुलाला ताप आणि खोकला आला, छाती दुखते म्हणालं, तर ती सर्दी नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. २०२३ पासून केंद्राचं निर्मूलन अभियान सुरू आहे, तपासणी फुकट होते, तरी आया लपवतात. मुलगी असली तर जास्तच लपवतात, पुढे लग्न कसं होईल म्हणून. सासूला बाहेर ठेवून विचार. दुसरा टीबी. दोन आठवड्यांच्या वर खोकला, वजन घटतंय, घरात कुणी खोकतंय, तर थुंकी, एक्स-रे. यात वाद नाही.

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, एमआर, तेही येतील. बहुतेक चांगली, कष्टाळू पोरं असतात, आपल्याच गल्लीतली. सॅम्पलचा डबा ठेवतील, "मॅडम, नवीन सिरप आहे, मुलांना चव आवडते." सॅम्पल ठेवून घेऊ नकोस. ड्रॉवरमध्ये बाटली असली की हात तिकडे जातो, मी अनुभवाने सांगते. २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली, डॉक्टरांना भेटवस्तू देऊ नयेत म्हणून, पण संहितेच्या आधी स्वतःचा ड्रॉवर रिकामा ठेवावा.

आणि काही आया रागावतील. खरंच रागावतील. एक बाई मागच्या पावसाळ्यात म्हणाली, "दोनशे रुपये घेता अन् मध सांगता? मध तं मले माझ्या आजीनंबी सांगितला असता." तिचा नवरा दारात उभा राहिला आणि आवाज चढला. मी त्या वेळी काय केलं? उठले, पोराला पुन्हा खाटेवर घेतलं आणि पुन्हा तपासलं, काहीही नवीन सापडणार नव्हतं तरी. त्याला म्हटलं, या, तुम्ही मोजा. मोजलं त्याने. शांत झाला. प्रत्येक वेळी होईलच असं नाही, म्हणून खुर्ची दाराच्या बाजूला ठेव, मागे भिंत नको, आणि संध्याकाळी उशिरा एकटी थांबू नकोस. दवाखान्यातल्या मावशींना मी साडेआठपर्यंत थांबायला सांगितलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या हॉस्पिटलात त्या डॉक्टर मुलीचा खून झाल्यावर तुम्ही सगळे रस्त्यावर उतरला होतात, तेव्हापासून आईला धास्ती बसली आहे. तिला रोज निघताना फोन करत जा.

दोनशे रुपयांचं मला वाईट वाटलं होतं, तुला सांगते. म्हणून मी एक नियम केला. ज्या मुलाला औषध दिलं नाही त्याला तिसऱ्या दिवशी फुकट बघायचं. आईला कागदावर लिहून द्यायचं: कुठल्या खुणा दिसल्या तर रात्रीसुद्धा यायचं, आणि काही दिसलं नाही तरी तिसऱ्या दिवशी दाखवून जायचं. आता तिच्या हातात काहीतरी असतं. रिकाम्या हाताने दवाखान्यातून परतायचं तिला अवघड जातं, घरी सासू विचारणार असते, "काय देल्लं मॅडमनं?" त्या कागदाने तिची सोय होते. ती रागावलेली बाई तिसऱ्या दिवशी आली नाही. मला वाटलं, गेली ती दुसरीकडे. महिन्याभराने तिची जाऊ आली, तिच्या पोराला घेऊन, पदरात सगळ्या बाटल्या बांधून. न सांगता.

त्या दिवसापासून माझा जीव जरा थाऱ्यावर आला.

पहिल्या महिन्यात पेशंट कमी होतील तुझे. होऊ दे. भाडं मी बघते, तू मोजत बस. एखाद्या दिवशी गर्दीत चुकून सिरप लिहून बसलीस तर मला लपवू नकोस, संध्याकाळी सांग. मीही तुला सांगत जाईन.

बरं, सोमवारी साडेनऊला ये, शाळा सुटायच्या आत एक फेरी होऊन जाते. किल्ली मावशींकडे आहे. वाळूचं घड्याळ वरच्या ड्रॉवरमध्ये, वजनकाट्याच्या पुस्तिकेमागे. जुनं झालंय, वाळू मध्येच अडकते, म्हणून उलटं करताना काचेवर एकदा टिचकी मार.